कॅमेरा लावणाऱ्याच्या हातातला पडदा

नमस्कार मंडळी. आज समोर दोन तऱ्हेचे श्रोते आहेत. पुढे राजेंद्रनगर, सुदामानगर, लोकमान्यनगर इथल्या सोसायट्यांचे सेक्रेटरी काका, आणि मागे भिंतीला टेकून आमच्या धंद्यातली पोरं. काकांना जाणून घ्यायचंय की फिटर काम नीट करतोय हे ओळखायचं कसं. पोरांना विचारायचंय, कुठला टेस्टर घ्यावा, म्हणजे कॅमेऱ्यापाशी उभं राहून त्याचं चित्र दाखवणारा हातातला मॉनिटर. दोन्ही प्रश्न इतके जवळचे आहेत की मी एकत्रच बोलतो.

कॅमेरा बाहेर भिंतीवर, डीव्हीआर, म्हणजे चित्र साठवणारा डबा, आतल्या खोलीत. एक जण शिडीवर चढून कॅमेरा फिरवतो आणि दुसरा टीव्हीसमोरून ओरडतो, ‘डावीकडे... जास्त झालं... भिया, जरा खाली घे!’ ही पद्धत इंदुरात अजून जिवंत आहे, आणि दिशा ठरवायला ती पुरतेही. पण फोकस खरंच बसलाय का, कॅमेऱ्यापर्यंत वीज पुरेशी पोचतेय का, चित्र गेलं ते तारेमुळे की डीव्हीआरचं पोर्ट मेल्यामुळे, यातलं काही ओरडून कळत नाही. हातातला मॉनिटर घ्यायचा तो यासाठी. म्हणून निवडताना मी पडद्याचा आकार सगळ्यात शेवटी बघतो. आधी बघतो ती त्याची कड: कोणकोणते सॉकेट आहेत, आणि त्यातून वीज बाहेर येते का.

जेलरोडला जाऊन नुसतं ‘पोर्टेबल मॉनिटर’ म्हणालात, तर दुकानदार साडेपंधरा इंचांचा पातळ, देखणा पडदा पुढे करील. तो लॅपटॉपसाठी असतो. त्याला एचडीएमआय किंवा टाइप-सीतून चित्र लागतं. कॅमेऱ्याच्या व्हिडिओ तारेची गोल बीएनसी पिन त्यात जाणार कुठे? डीव्हीआरजवळ बसून सेटिंग करायला तो उत्तम, मी स्वतः वापरतो. तेव्हा दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, त्याला वीज डीव्हीआरच्या यूएसबी पोर्टातून देऊ नका, तिथून साधारण अर्धा अँपियर मिळतो आणि पडदा लुकलुकत बसतो. दुसरी, डीव्हीआरचं आउटपुट आधी कुणी ४के वर ठेवलेलं असेल आणि पडद्याला ते झेपत नसेल, तर काळोख दिसतो आणि माणूस डीव्हीआर बिघडला म्हणून मोकळा होतो. व्हीजीएची तार जोडून बघा, बहुतेक वेळा चित्र येतं, मग आतून रिझोल्यूशन उतरवा.

गाडीच्या रिव्हर्स कॅमेऱ्याचा छोटा पडदा घेऊन काम करणारेही आहेत. बारा व्होल्टवर चालतो, स्वस्त असतो, बीएनसीला आरसीएची, म्हणजे टीव्हीच्या पिवळ्या पिनेची, टोपी लावली की झालं. फोर-इन-वन, म्हणजे चार तऱ्हेचे सिग्नल देणारा कॅमेरा, सीव्हीबीएस या जुन्या साध्या सिग्नलवर टाकला तर चित्र येतं. पण ४.३ इंचांच्या त्या पडद्यावर बहुधा ४८० गुणिले २७२ एवढेच ठिपके असतात. दिशा बघा, फोकसचं नाव काढू नका. आणि काम झाल्यावर कॅमेरा परत एचडीवर टाकायला विसरू नका, नाहीतर गिऱ्हाईक महिनाभर धूसर चित्र बघत ‘कंपनी खराब आहे’ म्हणत राहतं.

आता खरा टेस्टर. आपल्याकडे अजून निम्मं काम बीएनसीवरचं असतं, आणि तिथे टीव्हीआय, सीव्हीआय, एएचडी असे तीन घराण्यांचे एचडी सिग्नल नांदतात. शिवाय जुना सीव्हीबीएस. दुकानदार म्हणतो, ‘सब चलता है.’ त्याला प्रत्येकाचं वेगवेगळं विचारा: टीव्हीआय किती मेगापिक्सलपर्यंत, सीव्हीआय किती, एएचडी किती. जुने टेस्टर १०८० वर, म्हणजे दोन मेगापिक्सलवर, थांबतात आणि पाच मेगापिक्सलचा कॅमेरा जोडला की निळा पडदा दाखवतात. कॅमेरा चांगला असतो, पण तुम्ही तो खाली उतरवता. त्याच तारेवरून कॅमेऱ्याचा मेनू उघडता येतो का, हेही विचारा, नाहीतर कॅमेऱ्याच्या तारेच्या शेपटीवरची बारकी जॉयस्टिक नखानं दाबत बसावं लागतं.

एक बारीकशी गोष्ट, जी फारसं कुणी सांगत नाही. व्हिडिओची तार ७५ ओहमची. टी-पिन, म्हणजे एका तारेचे दोन फाटे करणारी पिन, लावून तुम्ही एकाच वेळी डीव्हीआर आणि टेस्टर दोन्ही जोडले, तर दोन्हींचा ७५-७५ ओहमचा भार एकाच तारेवर पडतो आणि सिग्नल दोन-तृतीयांशावर येतो. चित्र काळवंडतं, एचडीत कधी जातंही. तारेला दोष देण्याआधी टी-पिन काढून बघा.

आयपी कॅमेऱ्यांची, म्हणजे नेटवर्कच्या तारेवर चालणाऱ्यांची, भानगड वेगळी. तिथे कॅमेरा सापडणं हेच अर्धं काम. हिकव्हिजनचा नवा कॅमेरा बहुधा १९२.१६८.१.६४ या नेटवर्क पत्त्यावर उठतो, दाहुआचा १९२.१६८.१.१०८ वर. पण एनव्हीआरच्या, म्हणजे आयपी कॅमेऱ्यांच्या डीव्हीआरच्या, पाठीमागच्या पीओई (नेटवर्कच्या तारेतूनच वीज देणाऱ्या) पोर्टावर एकदा राहून आलेला कॅमेरा भलत्याच पत्त्यावर बसलेला असतो. टेस्टरनं पत्त्यांचे सगळे पट्टे स्वतः हुडकून कॅमेरा शोधला पाहिजे, आणि स्वतःचा पत्ता त्याला जुळवून घेतला पाहिजे. ओएनव्हीआयएफ, म्हणजे सगळ्या कंपन्यांची सामाईक बोली, तर हवंच. अ‍ॅक्सिस, बॉश आणि सोनी यांनी २००८ मध्ये ते सुरू केलं, म्हणून आज एका कंपनीचा कॅमेरा दुसरीच्या यंत्रावर दिसतो. त्यापुढे विचारा, एच.२६५ या पद्धतीनं दाबून पाठवलेला मुख्य प्रवाह, म्हणजे पूर्ण बारकाव्याचं चित्र, टेस्टर उलगडतो का. कित्येक यंत्रं गुपचूप कमी बारकाव्याचा दुय्यम प्रवाह दाखवतात, आणि तुम्ही त्यावर फोकस ठरवता.

फोकसबद्दल थोडं थांबतो, कारण सगळ्यात जास्त फसगत इथे होते. सात इंची टेस्टरच्या पडद्यावर पुष्कळदा १०२४ गुणिले ६०० ठिपके असतात, म्हणजे सहा लाखांच्या आसपास. आठ मेगापिक्सलच्या चित्रात असतात ८३ लाख. तेरा ठिपक्यांतला एक तुम्हाला दिसतो, त्यामुळे चित्र लहान पडद्यावर नेहमी सुरेखच दिसतं. म्हणून चालू चित्र बोटांनी मोठं करता आलं पाहिजे. गेटवरच्या पाटीची अक्षरं, समोरच्या गाडीचा नंबर, असं काहीतरी मोठं करून बघा आणि मग लेन्सचा स्क्रू आवळा.

आणि किती बारीक दिसायला हवं, याचंही माप आहे. आयईसी ६२६७६-४ या मानकाच्या २०१४ च्या आवृत्तीनुसार अनोळखी माणूस ओळखायचा तर दर मीटरला २५० पिक्सल लागतात, ओळखीचा माणूस ‘हा तोच’ म्हणून कळायला १२५, आणि कुणीतरी आहे एवढं समजायला २५. दोन मेगापिक्सलचा कॅमेरा आडवा १९२० पिक्सलचा, त्याला २५० नं भागा, साडेसात मीटरच्या थोडं वर येतं. म्हणजे चेहरा हवा तर दृश्याची रुंदी त्याच्या आत ठेवायची. २.८ एमएमची लेन्स चार मीटरवरच आठ मीटर रुंद दृश्य घेते, सहा एमएमची आठ मीटरपर्यंत निभावते. काका, तुमच्या सोसायटीच्या गेटवर ‘सगळं दिसतंय ना’ म्हणून २.८ लावून गेले असतील, तर चोर दिसेल, चोराचा चेहरा दिसणार नाही. टेस्टर हातात असताना एका माणसाला गेटमध्ये उभं करा आणि त्याचा चेहरा मोठा करून बघा. हिशेब करायचीही गरज नाही.

दिवसा बसवलेला फोकस रात्री हलतो, हे पोरांना माहीत आहे. इन्फ्रारेड प्रकाश लेन्समध्ये थोडा वेगळ्या जागी एकवटतो. ऑटो आयरिसच्या, म्हणजे उजेडानुसार भोक लहान-मोठं करणाऱ्या, लेन्समध्ये तर दिवसा भोक बारीक झाल्यामुळे सगळंच धारदार दिसतं आणि अंधारात भोक उघडलं की बिंग फुटतं. सराफ्यात काम करणाऱ्यांना तर हे दोनदा भोगावं लागतं. दिवसा समोर पेढीचा ओटा, रात्री दुकानं मिटली की त्याच ओट्यापुढे भुट्ट्याचा कीस आणि गराडूच्या कढया. दुपारी साधलेल्या चित्रात रात्री एखाद्या ठेल्याचा दिवा सरळ लेन्समध्ये येतो, वाफ तरंगते, तेलकट धूर डोमवर बसतो. तिथला कॅमेरा रात्रीच्या गर्दीत जाऊनच बघावा लागतो. शिडी लावायला जागा नसते, म्हणून टेस्टरला स्वतःचं वायफाय असेल आणि चित्र मोबाइलवर घेता येत असेल तर फार सोय होते. एरवी त्या वायफायवर जास्तीचे पैसे घालावेत असं मला वाटत नाही.

आता वीज. टेस्टरनं कॅमेऱ्याला स्वतः वीज द्यायला हवी: साध्या कॅमेऱ्याला बारा व्होल्ट, आयपीला पीओई. घरात अजून लाईट नाही, एसएमपीएस, म्हणजे कॅमेऱ्यांना वीज देणारा डबा, बसलेलं नाही, तरी कॅमेरा लावून चित्र बघता येतं, एवढाच फायदा नाही. समजा डीव्हीआर ‘व्हिडिओ लॉस’ दाखवतोय. कॅमेऱ्याच्या दोन्ही पिना सोडवा, टेस्टरच्या बॅटरीवर तो चालवा. चित्र आलं तर कॅमेरा निर्दोष. मग व्हिडिओची तेवढी पिन टेस्टरला ठेवून वीज परत मूळ तारेची द्या. चित्र गेलं तर वीज लंगडी आहे. राहिलं, तर तार किंवा डीव्हीआर. दहा मिनिटांत निकाल लागतो.

लंगडी वीज कशी असते बघा. थ्री प्लस वन, म्हणजे वीज आणि व्हिडिओ एकत्र नेणाऱ्या, केबलमधली वीज नेणारी तार अर्ध्या चौरस मिलिमीटरची शुद्ध तांब्याची धरली, तरी चाळीस मीटरच्या जाण्यायेण्यात पावणेतीन ओहम होतात. दिवसा कॅमेरा ०.२ अँपियर घेतो, अर्धा व्होल्ट पडतो, कुणाच्या लक्षात येत नाही. रात्री इन्फ्रारेडचे दिवे लागले की अर्धा अँपियर, आणि बाराचे साडेदहा-अकरा राहतात. बाजारात मिळणारी पुष्कळशी तार याहून बारीक असते, किंवा वर तांबं आणि आत अॅल्युमिनियम, म्हणजे रोध दीडपट. मग कॅमेरा रात्री बंद-चालू होत राहतो आणि सकाळी फिटर येतो तेव्हा अगदी शहाण्यासारखा वागतो. म्हणून भरदिवसा तळहातानं लेन्स आणि त्याशेजारचा प्रकाशाचा डोळा झाका. दिवे लागतील. त्या क्षणी टेस्टरवर किंवा मल्टिमीटरवर व्होल्टेज बघा, आणि ते कॅमेऱ्याच्या टोकाला मोजा, एसएमपीएसपाशी नव्हे.

पीओईत फसवाफसवी जास्त. पीओईचं ८०२.३एएफ हे मानक म्हणजे स्विचकडून १५.४ वॉट, कॅमेऱ्यापाशी १२.९५. त्याच्या वरचं एटी म्हणजे स्विचकडून ३० वॉट. फिरणारे, झूम होणारे कॅमेरे एएफवर उठतात आणि मान फिरवली की मरतात. टेस्टर किती वॉट देतो हे विचारा. खरा पीओई वीज सोडण्याआधी पलीकडे २५ किलोओहमचा रोध आहे का ते तपासतो, स्वस्तातले काही जण सरळ वीज ढकलतात. असल्या टेस्टरची तार चुकून दुसऱ्याच यंत्राला लागली तर नुकसान कुणाचं? आणि बॅटरीचे नुसते मिलिअँपियर ऐकू नका, व्होल्टनं गुणा. ७.४ व्होल्टची ५००० वाली बॅटरी म्हणजे ३७ वॉटतास. सात-आठ वॉटचा कॅमेरा, वर स्वतःचा पडदा, थोडी गळती; दोन-अडीच तास धरा. खोक्यावर दहा तास लिहिलेले असतात ते कॅमेऱ्याला वीज न देता.

पडद्याचा उजेड नीटमध्ये मोजतात. मेच्या दुपारी पत्र्यावर उभं राहून वाचता यायला हजारच्या आसपास नीट हवेत, आणि तेवढे फार थोड्या यंत्रांत असतात. तीनशे-चारशेवाला घेतलात तर सोबतचं काळं कापडी झाकण फेकू नका. आणि यंत्र स्कूटरच्या डिकीत उन्हात ठेवू नका, बॅटरी फुगते. केबल मोजणारं टीडीआर, ऑप्टिकल फायबरचा पॉवर मीटर, पेल्को-डीचे पीटीझेड कंट्रोल (फिरणारे कॅमेरे टेस्टरवरून हलवणं), हे सगळं तुमचं काम तसं असेल तर घ्या. दुकानं आणि बंगले करणाऱ्याला यातलं बहुतेक लागत नाही.

मागून काकू विचारताहेत, फिटरच्या त्या यंत्रात आमचे पासवर्ड राहतात का. राहतात, काकू. टेस्टर पासवर्ड साठवतो, फोटो काढतो, मेमरी कार्डावर रेकॉर्डिंगही ठेवतो. नव्या कॅमेऱ्यांना पहिल्यांदा जोडतानाच पासवर्ड ठेवावा लागतो, आणि तो घाईत फिटरच ठेवतो. काम झाल्यावर सेक्रेटरींनी स्वतः बसून बदलावा. चांगला फिटर रागावत नाही. सोसायटीनं स्वतः टेस्टर घ्यायची मात्र गरज नाही, वर्षातून दोनदा लागणारी वस्तू आहे. फिटरला एवढंच सांगा की पैसे देण्याआधी कॅमेऱ्यापाशी उभं राहून चित्र दाखव, आणि एकदा अंधार पडल्यावर.

दुसरा प्रश्न, जुना टेस्टर घ्यावा का? घ्या, पण बघून. जाताना तुमच्याकडचा सगळ्यात जास्त वीज खाणारा आयपी कॅमेरा आणि पाच मेगापिक्सलचा एक बीएनसीवाला बरोबर न्या. यंत्र दुकानाबाहेर उन्हात धरा. आयपी कॅमेरा पीओईवर जोडून अर्धा तास चालू ठेवा आणि बॅटरीचा आकडा किती उतरतो ते बघा. बीएनसीचं सॉकेट हलवून बघा, ते ढिलं असलं तर उद्या प्रत्येक कॅमेऱ्यात तुम्हाला दोष दिसेल. शेवटचं फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या आतला प्रोग्राम, कधी आलं ते विचारा, कारण नवे फॉरमॅट त्यातूनच येतात. दुकानदार कुरकुर करील. करू द्या.