काहुइताच्या जंगलवाटेवर

श्रोतेहो, नमस्कार.

हल्ली आपल्याकडची पुष्कळ मंडळी क्रूझला जातात. मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत असते, आईवडील भेटायला जातात आणि फ्लोरिडाहून सुटणाऱ्या जहाजाची तिकिटं हातात पडतात. कॅरिबियन समुद्र, पनामा कालव्याचं तोंड आणि वाटेत एक दिवस मध्य अमेरिकेतल्या कोस्टा रिका या देशाचं लिमोन बंदर. जहाज सकाळी धक्क्याला लागतं, संध्याकाळी सुटतं. मधले काही तास तुमचे. त्या तासांचं काय करावं, एवढंच मला आज बोलायचं आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते: एक जागा निवडा, एक वाट धरा आणि सावकाश चाला. पुन्हा सांगते, एक जागा, एक वाट, आणि सावकाश.

धक्क्याबाहेर आलात की मिनीबसवाले फलक घेऊन उभे असतात. कालव्यातली बोट, केळीची बाग, चॉकलेट, किनारा, सगळं एका फेरीत दाखवतो म्हणतात. त्यातलं काहुइता तेवढं घ्या. काहुइता हे लिमोनच्या दक्षिणेला, समुद्राला चिकटलेलं राष्ट्रीय उद्यान. गाडीने साधारण तासाभराचा रस्ता. कडेला केळीच्या बागा लागतात, घडांवर निळ्या प्लास्टिकच्या पिशव्या चढवलेल्या. जळगाव-रावेरकडच्या श्रोत्यांना घडाला पिशवी का घालतात ते मी सांगायची गरज नाही. या बागा नीट बघून ठेवा, कारण त्यांचा आणि पुढच्या समुद्राचा संबंध आहे. जंगल तोडून शेती झाली, पावसात माती नद्यांतून समुद्रात गेली आणि काहुइतासमोरच्या प्रवाळांवर बसली. प्रवाळाला स्वच्छ पाणी आणि ऊन लागतं. गढूळ पाण्यात ते गुदमरतं.

या प्रवाळांसाठीच 1970 मध्ये ही जागा राखीव झाली, 1978 मध्ये तिला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. जमीन फार नाही, 1,100 हेक्टरच्या आसपास. समुद्र मात्र 22,000 हेक्टरांहून जास्त. मग 22 एप्रिल 1991 रोजी लिमोनचा मोठा भूकंप झाला. इथला किनाराच वर उचलला गेला, लिमोनजवळ काही ठिकाणी दीड मीटरपर्यंत. जे प्रवाळ काल पाण्याखाली होते ते दुसऱ्या दिवशी उन्हात कोरडे पडले आणि मेले. उरलेत त्यांना आता तापणाऱ्या समुद्राशी झुंजावं लागतं आहे. म्हणून इथे पाण्यात मुखवटा लावून प्रवाळ बघायचे असतील तर स्थानिक वाटाड्याबरोबरच उतरता येतं. हा नियम मला फार पटतो. आपल्या मालवणातही प्रवाळ आहेत, 1987 पासून तिथे सागरी अभयारण्य आहे. तिथे प्रवाळावर पाय देऊन फोटो काढणारे मी पाहिले आहेत, आणि ते बघून जीव तुटतो.

गावातून उद्यानात शिरताना केली क्रीक नावाचा ओढा लागतो. या प्रवेशद्वाराची कथा ऐकण्यासारखी आहे. 1994 मध्ये सरकारने परदेशी पाहुण्यांचं तिकीट एकदम 15 डॉलर केलं. पाहुणे येईनासे होतील, गावाचं पोट कसं चालेल, म्हणून काहुइताची माणसं प्रवेशद्वारावर जाऊन बसली. आत या, जमेल ते द्या, असं त्यांनी चालू केलं. पुढे सरकारने ऐकलं आणि उद्यानाचा कारभार गावाबरोबर मिळून करायचं ठरलं. ही माणसं मुळात बरीचशी जमैकाकडची. लिमोन ते राजधानी सान होसे या रेल्वेच्या कामावर त्यांचे पूर्वज आले, 1890 मध्ये ती रेल्वे पूर्ण झाली आणि ते इथेच राहिले. तेव्हा तिथे वर्गणी मागितली तर हात आखडता घेऊ नका.

आता वाट. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला दलदलीचं जंगल, मधून जाणारी सपाट पायवाट. टोकापासून टोकापर्यंत सुमारे 8 किलोमीटर. सगळी चालायचीच असं काही नाही. मी वनस्पतिशास्त्र शिकवत होते, त्यामुळे माझी नजर आधी झाडांवर. आणि पहिलं झाड कुठलं दिसावं? आपला बदाम! रत्नागिरीत शाळेच्या आवारात असतो तोच, लाल होऊन पानं गळणारा. हे झाड मूळचं आपल्या बाजूचं, आशियातलं, आणि आता तिकडच्या किनाऱ्यावर मुळं धरून उभं आहे. दलदलीत सांग्रिओ म्हणून झाड आहे, त्याच्या बुंध्याला भिंतीसारखी उभी मुळं असतात. ते आपल्या बिबळा नावाच्या झाडाच्याच कुळातलं. आपल्या मुलांना शाळेत दहा झाडांची नावं तरी तोंडपाठ हवीत, असं मला वाटतं. पाढे पाठ करतो तशी. कोकणातल्या मुलाला बिबळा ओळखता येऊ नये याचं मला मनापासून वाईट वाटतं.

असो. मला जी गोष्ट सांगायची आहे ती पुढे आहे.

आमच्याबरोबर माझी मोठी जाऊ होती. आयुष्यभर सरकारी दवाखान्यात परिचारिका म्हणून काम केलेली. तिला किनाऱ्यावर जायचं होतं, पांढऱ्या वाळूत बसायचं होतं. आमचा वाटाड्या काहुइताचाच, खांद्यावर तिवई आणि तिच्यावर दुर्बीण. त्याने आम्हाला झाडावर वेटोळं घातलेला पिवळाधमक घोणसवर्गी साप दाखवला. वर कुठेतरी हाऊलर माकडं ओरडत होती, त्यांचा आवाज जंगलात काही किलोमीटर जातो. आणि मग तो एकाएकी थांबला, वर बघितलं आणि म्हणाला, "ती उतरते आहे."

ती म्हणजे स्लॉथ. नावामुळे कुणाला अस्वलाची आठवण येईल, पण आपल्या अस्वलाशी या प्राण्याचं नातं नाही, मुंगीखाऊशी आहे. झाडावर उलटा लटकून राहणारा, पानं खाणारा, अतिशय संथ प्राणी. ही तीन नख्यांची होती आणि तिच्या पोटाला पिल्लू बिलगलेलं होतं. स्लॉथचा सगळा जन्म झाडावर जातो. जमिनीवर तो साधारण आठवड्यातून एकदाच उतरतो, आणि तोही शौचाला. गटातले काहीजण म्हणाले, आम्ही किनाऱ्याकडे होतो पुढे. वाट एकच, चुकायचा प्रश्न नाही, म्हणून वाटाड्याने त्यांना जाऊ दिलं. मला वाटलं, जाऊबाईही जाणार. पण त्या पिल्लाकडे बघून तिने पिशवी खाली ठेवली आणि पडलेल्या ओंडक्यावर बसली. म्हणाली, "बाळंतीण आहे ती. मी नाही जायची."

श्रोतेहो, ते उतरणं मी शब्दांत कसं सांगू? एक हात सुटायचा, हवेत तसाच राहायचा, मग खोडावर यायचा, नख्या रुतायच्या. मग दुसरा. मधेच ती थांबायची आणि मान वळवून पार मागे बघायची. तिच्या मानेत मणके जास्त असतात, म्हणून एवढी वळते. ऊन पडलं की तिची लोकर हिरवी दिसायची. त्या लोकरीत खरोखरच शेवाळ वाढतं. पाऊण तास गेला असेल, तिचं अजून उतरणंच चाललं होतं. कुणी बोलत नव्हतं. डास चावत होते, तरी कुणी हात हलवत नव्हतं.

शेवटी ती मुळाशी आली. खोडाला मिठी मारून बसली, आखूड शेपटीने पालापाचोळ्यात छोटा खड्डा केला, आणि अंग इकडून तिकडे डोलवू लागली. तिच्या अंगातून बारीक पतंग उडाले. वाटाड्या आमच्या कानाशी सांगत होता, हे पतंग तिच्या लोकरीत राहतात, तिच्या विष्ठेत अंडी घालतात, त्यातून निघालेले नवे पतंग पुन्हा वर झाडावर तिच्या अंगावर जातात. पतंग, शेवाळ, स्लॉथ, तिघांचा संसार एकत्र.

आणि नेमक्या त्याच वेळी मागून दुसऱ्या गटातला एक उंचापुरा गृहस्थ आला, फोन पुढे धरून, थेट तिच्या दिशेने. त्याला तिच्या शेजारी बसून स्वतःचा फोटो हवा होता. वाटाड्याने हात आडवे पसरले. गृहस्थ बाजूने निघाला. तेवढ्यात माझी जाऊ ओंडक्यावरून उठली, त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि स्वच्छ मराठीत, दवाखान्याच्या वॉर्डात बोलायची त्याच आवाजात म्हणाली, "तिथंच थांबा. लेकरू आहे तिच्याजवळ." तो जागच्या जागी थांबला. फोन खाली घेतला. एक अक्षर कळलं नसेल, पण सगळं समजलं. आणि मग तोही आमच्याबरोबर गप्प उभा राहिला, ती पुन्हा वर पानांत दिसेनाशी होईपर्यंत.

जमिनीवरचा स्लॉथ अगदी असहाय असतो, हे तेव्हा वाटाड्याने सांगितलं. त्याला पळता येत नाही. कुत्रं, रानमांजर, कुणीही त्याला गाठतं. 2021 मध्ये कोस्टा रिकाने त्याला राष्ट्रीय प्रतीक केलं. रानटी प्राण्याला उचलून किंवा कुरवाळून फोटो काढू नका, अशी मोहीमही त्या देशाने चालवली आहे. बंदराजवळ कुणी स्लॉथ हातात देतो म्हणालं तर एक पैसाही देऊ नका. माकडांना खाऊ घालू नका. महाबळेश्वरला आपण माकडांच्या हातात वेफर्स देतो, ते आधी बंद करायला हवं. पिशवीतलं खाणं बंद डब्यात ठेवा, कारण इथली पांढऱ्या तोंडाची माकडं आणि रॅकून नावाचे लहान प्राणी पिशव्या उघडण्यात पटाईत आहेत.

बाकीचं थोडक्यात. या बाजूला पाऊस कधीही येतो, रेनकोट जवळ ठेवा. डासांचं मलम लावा, डेंग्यू तिथेही आहे. वाटाड्या घ्याच, कारण स्लॉथ वर लटकलेला असताना आपल्या डोळ्यांना वाळक्या पानांचा झुबका वाटतो. आणि वेळेचं, हे दोनदा सांगते: जहाजावरचं घड्याळ आणि गावातलं घड्याळ यांत कधीकधी तासाचा फरक असतो. उतरताना दोन्ही वेळा लिहून घ्या. दोन्ही वेळा लिहून घ्या, कारण स्वतंत्र गाडी करून गेलात तर जहाज तुमच्यासाठी थांबत नाही.

परतताना काहुइता गावात जेवा. तिथे नारळाच्या दुधात शिजवलेला भात मिळतो, लाल घेवडा घातलेला, वर मिरचीचा वास. तिथेही लोक नारळ खवून दूध काढतात. डब्यातल्या नारळाच्या दुधाला ती चव नाही, आणि आपल्याकडे सोलकढीला ते डबे वापरू लागले आहेत हे काही बरं नाही. जहाजावर रात्री भरपूर जेवण असतं म्हणून पोट राखून ठेवू नका. तो भात खा, बरोबर माशाचा रस्सा घ्या, आणि मग गाडीत बसा.

नमस्कार.