हा कप तिच्यासाठी

स्क्रीनवर आत्ता जो कप दिसतोय तो कालच चाकावरून उतरलाय. हाताला अजून गार लागतो, बोटाने दाबलं तर दबत नाही पण नखाचा ओरखडा लगेच उठतो. पॉटरीवाले याला लेदर हार्ड म्हणतात आणि नाव कोरायचं तर ते आत्ताच, कारण माती याहून ओली असली की सुईच्या दोन्ही बाजूंनी चिखल वर येतो आणि अक्षरं लडबडतात, आणि जास्त थांबलं की माती खडखडीत वाळते, सुई अडकते, कोपऱ्यांचे टवके उडतात.

बनवणारीने कप उलटा केलाय. बुडाला एक कडा ठेवून मधला भाग खरवडून काढलाय, तिथे, ज्या मैत्रिणीला हा कप भेट द्यायचाय, तिचं नाव येणार. समोर का नाही? तर माझं आपलं मत, समोर मोठ्ठ्या अक्षरात 'माझ्या लाडक्या मैत्रिणीस' वगैरे लिहिलं की तो कप राहत नाही, ट्रॉफी होते, आणि ट्रॉफीतून कोणी काही पीत नाही. बुडाला असलं की जिचं तिला माहीत, धुताना हाताला लागतं, बस.

आता नीट बघा, सुईने रेघ ओढली की कडेला मातीचा बारीक कीस उभा राहतो. पुसावासा वाटतो, पण ओला असताना पुसला तर तो परत रेघेतच जाऊन बसतो, म्हणून वाळेपर्यंत हात लावायचा नाही, नंतर ब्रशने झटकला की आपोआप पडतो. अक्षरंही हवीत त्याहून थोडी मोठी काढायची, कारण ओल्या मातीपासून पक्क्या भांड्यापर्यंत स्टोनवेअर, म्हणजे जास्त तापमानाला भाजून कडक होणारी माती, साधारण 10 ते 12 टक्के आकसतं आणि त्याबरोबर नावही आकसतं. तारीख टाकायची ती बनवल्याची, भेट द्यायच्या दिवसाची नाही, कारण कप द्यायच्या दिवसापर्यंत टिकेल याची गॅरंटी आत्ता कोण देणार!

मातीत लिहून ठेवायची हौस तशी फार जुनी. अमेरिकेत साउथ कॅरोलिनातल्या एजफील्डला डेव्हिड ड्रेक नावाचा कुंभार होता, गुलाम. त्या राज्यात 1834 पासून गुलामांना लिहायवाचायला शिकवणं कायद्याने गुन्हा होता, आणि हा माणूस मोठाल्या रांजणांवर उघड उघड सही, तारीख आणि दोन-दोन ओळींच्या कविता कोरत होता. 16 ऑगस्ट 1857 अशी तारीख असलेल्या एका रांजणावर तो आपली नातलग माणसं कुठे असतील असं विचारतो, आणि पुढच्याच ओळीत सगळ्या जगाला मैत्री कळवतो. आता असं बघा की रांजणही त्याचा नाही, हातही कायद्याने त्याचे नाहीत, पण ती ओळ त्याचीच.

आपल्या कपाकडे येऊ. पहिली भाजणी साधारण 1000 डिग्रीची. नंतर कोरलेल्या रेघांत आयर्न ऑक्साईड भरून वरचं ओल्या स्पंजने पुसून घेतलं, आता रेघांत तपकिरी राहिलं आणि नाव वाचता यायला लागलं. बुडाला ग्लेझ, म्हणजे भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप, लावायचं नाही, नाहीतर वितळून भट्टीच्या फळीला चिकटेल. दुसरी भाजणी 1200 च्या वर. आणि खरा जीव टांगणीला लागतो तो गार होताना, मातीतल्या क्वार्ट्झ या खनिजाचं आकारमान 573 डिग्रीला एकदम बदलतं, घाईने भट्टीचं झाकण उघडलं की तडा. म्हणूनच तिने कप एक नाही, तीन केले होते, तिन्हीवर तेच नाव.

एकाला कानाजवळ तडा गेलाच. उरले दोन. मैत्रीण डावखुरी, त्यामुळे पानाची नक्षी मुद्दाम अशा बाजूला काढलीये की डाव्या हातात कप धरला की ती पिणारीच्या समोर येते. नेहमीच्या कपांवर डावखुऱ्यांना कायम मागची कोरी बाजूच दिसते, हे मला तरी ही फिल्म करेपर्यंत सुचलं नव्हतं.

मैत्रिणीने कप हातात घेतला, उलटा केला, नाव वाचलं आणि पहिलं काय विचारलं तर हा वापरायचा की शोकेसमध्ये ठेवायचा?

वापर गं, फुटला तर दुसरा आहे, नाव कोरून तयार.