‘मला खऱ्या औषधाच्याच गटात टाका’ असं का सांगता येत नाही?

नमस्कार मंडळी. मागच्या व्हिडिओत मी सहज बोलून गेले की हॉस्पिटलं त्यांच्या आगामी क्लिनिकल ट्रायल्सची, म्हणजे माणसांवर होणाऱ्या औषधांच्या चाचण्यांची, माहिती आधीच जाहीर करतात. तेव्हापासून कमेंट्समध्ये हाच विषय चाललाय. म्हणून आज फक्त त्यावर बोलू.

सोपं आधी उरकते. ट्रायल टप्प्याटप्प्याने होते. पहिल्या टप्प्यात मोजकी माणसं असतात, साधारण २० ते ८०, आणि बहुतेक वेळा निरोगी. औषध अंगाला झेपतंय का, एवढंच तिथे बघतात. दुसऱ्या टप्प्यात त्या आजाराचे रुग्ण येतात. गुण येतो का, डोस किती हवा, ते पाहतात. तिसऱ्या टप्प्यात शेकडो, कधी हजारो रुग्णांवर नवं औषध आणि सध्याचा उपचार यांची तुलना होते. हॉस्पिटलच्या यादीत ट्रायलपुढे ‘आगामी’ लिहिलंय म्हणजे नोंद झालीय, भरती अजून उघडलेली नाही. कोणाला घेणार, कोणाला नाही, त्या अटी तिथेच असतात. त्या वाचा. झालं.

आता खरा मुद्दा. तुलनेसाठी रुग्णांचे गट करतात: एकाला नवं औषध, दुसऱ्याला ते नाही. एका ताईंनी लिहिलंय, “डॉक्टर आमच्या ओळखीचे आहेत. आईला खऱ्या औषधाच्या गटात टाका, असं त्यांना सांगू का?” अशा कमेंट्स मला रोज येतात. ताई, तुमची काळजी मला कळते. पण नका सांगू. गट चिठ्ठीनेच पडतो, आता ती चिठ्ठी कॉम्प्युटर काढतो, आणि कोणाच्याही शब्दाने ती बदलता कामा नये.

का? समजा डॉक्टरांनी निवड केली. डॉक्टर मायाळू आहेत, त्यांनी जास्त आजारी माणसांना नवं औषध दिलं. मग त्या गटात जास्त माणसं दगावणार, आणि चांगलं औषध वाईट ठरणार. उलट, टणक माणसं निवडली तर वाईट औषध चांगलं ठरणार. १९४८ साली क्षयावरच्या स्ट्रेप्टोमायसिनच्या ट्रायलचे निकाल आले. १०७ रुग्ण होते आणि कोण कुठल्या गटात, ते बंद पाकिटात होतं. पाकीट उघडेपर्यंत डॉक्टरलाही पत्ता नाही. सहा महिन्यांत औषधाच्या गटात ५५ पैकी ४ जण गेले, नुसत्या विश्रांतीच्या गटात ५२ पैकी १४. ते आकडे पटले, कारण माणसं कोणी निवडून बसवलेली नव्हती.

दुसऱ्या बाजूने बघा. ‘खऱ्या औषधाचा गट’ म्हणताना आपण धरून चालतो की नवं ते चांगलंच. हार्ट अटॅकनंतर काहींचे ठोके अनियमित पडतात. ते दाबणारी औषधं डॉक्टर मनापासून देत होते, कारण ईसीजी सुधारलेला दिसायचा. मग कास्ट नावाची ट्रायल झाली. त्यातली एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड ही दोन औषधं १९८९ मध्ये मधेच थांबवावी लागली. औषध घेणाऱ्या ७५५ जणांपैकी ६३ गेले, प्लासिबोवाल्या ७४३ पैकी २६. प्लासिबो म्हणजे औषध नसलेली, पण अगदी तशीच दिसणारी गोळी. ओळख काढून आईला त्या ‘खऱ्या’ गटात घातलं असतं तर?

आणि तिसरी बाजू आमच्या घरातली. माझी मावशी गुडघ्यांच्या औषधाच्या एका ट्रायलमध्ये होती. बाटलीवर औषधाचं नावच नाही, फक्त एक नंबर. पहिल्या आठवड्यात ती गोळी खिडकीपाशी धरून बघायची, जिभेवर ठेवून चव घ्यायची. खरी आहे की नाही? एक दिवस तिने ठरवूनच टाकलं की खरी आहे, आणि त्या दिवसापासून ती जिना उतरायला लागली. दुखणं खोटं नव्हतं, आराम खोटा नव्हता. पण तो गोळीचा की खात्रीचा, हे तिलाही सांगता आलं नसतं. म्हणून तर नंबर. अडचण आली तर तो नंबर उलगडून काय दिलंय ते लगेच बघता येतं, ही सोय आधीच केलेली असते.

एका दादांनी रागाने लिहिलंय, “म्हणजे कॅन्सरच्या पेशंटला साखरेची गोळी देऊन घरी पाठवणार?” नाही हो. गंभीर आजारावर चालणारा उपचार असेल तर तो मिळतोच. तुलना बहुतेक वेळा त्या उपचाराशी होते, किंवा नवं औषध त्याच्या जोडीला दिलं जातं.

माझा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. मावशीपुढे संमतिपत्र ठेवलं तेव्हा कितीतरी पानं होती आणि “इथे सही करा” म्हणत बोट थेट शेवटच्या पानावर. हे चूक आहे. ते कागद घरी न्यायचा तुम्हाला हक्क आहे. रात्री शांतपणे वाचा, घरच्यांना दाखवा, न कळलेल्या ओळीखाली पेन्सिलने रेघ मारा आणि दुसऱ्या दिवशी ती ओळ डॉक्टरांना समजावून सांगायला लावा. इजा झाली तर खर्च कोण करणार, ट्रायल संपल्यावर औषध मिळणार का, रात्री दोनला त्रास झाला तर फोन कोणाला करायचा, हे सहीच्या आधी विचारा.

शेवटची कमेंट, आज सकाळचीच: “सही केली की अडकलो ना?” नाही. कधीही, कारण न देता बाहेर पडता येतं, आणि तुमचा नेहमीचा उपचार त्यामुळे अडवता येत नाही. फक्त गोळ्या परस्पर बंद करू नका. काही औषधं एकदम सोडली की त्रास देतात, ती हळूहळू उतरवावी लागतात. आधी ट्रायलच्या डॉक्टरांना फोन करा, मग थांबा.