यानावरचे तऱ्हेवाईक परग्रहवासी

१९६६ साली ‘स्टार ट्रेक’ ही मालिका अमेरिकेतल्या एनबीसी वाहिनीवर सुरू होण्याआधी वाहिनीने जाहिरातीसाठी एक पुस्तिका काढली होती. एन्टरप्राइज या अंतराळयानावरचा परग्रहवासी विज्ञान अधिकारी स्पॉक त्या पुस्तिकेतल्या छायाचित्रांत दिसतो, मात्र त्याच्या कानांची टोके गायब आहेत आणि वर चढत गेलेल्या भुवयाही सरळ झालेल्या आहेत. छायाचित्रांवर रंगाचा फवारा मारून त्याला साधा माणूस करून टाकले होते. सैतानाची आठवण करून देणारा हा चेहरा धार्मिक वृत्तीच्या प्रेक्षकांना खटकेल, अशी वाहिनीच्या अधिकाऱ्यांना धास्ती होती. ८ सप्टेंबर १९६६ रोजी मालिका सुरू झाली, आणि ज्याला लपवायची धडपड चालली होती तोच तिच्यातल्या सर्वांत लाडक्या पात्रांपैकी एक ठरला.

प्रेक्षकांना त्याचे कान आवडले, पण त्याहून अधिक आवडली ती त्याची वागण्याची तऱ्हा. ही तऱ्हा स्पॉकची भूमिका करणाऱ्या लेनर्ड निमॉय यांना एकदम सापडलेली नाही. सुरुवातीच्या एका भागात यानासमोर संकट उभे राहते आणि स्पॉकला एकच शब्द उच्चारायचा असतो. आसपासच्या सर्वांचे आवाज चढलेले असल्यामुळे निमॉयही तो शब्द त्याच आवेशात म्हणत होते. तेव्हा दिग्दर्शक जोसेफ सार्जंट यांनी त्यांना इतरांपेक्षा वेगळे राहण्याचा, शास्त्रज्ञाच्या अलिप्तपणाने बोलण्याचा सल्ला दिला, आणि स्पॉकचा तो थंड, कुतूहलाने भरलेला स्वर तिथे जन्माला आला. आणखी एका भागाच्या संहितेत स्पॉकने कप्तान कर्कच्या दुष्ट प्रतिरूपाला मागून शस्त्राचा दस्ता हाणून बेशुद्ध करावे, असे लिहिले होते. इतका संयमी माणूस अशी मारामारी करणार नाही, असे निमॉय यांना वाटले. त्यांनी मान आणि खांदा जिथे मिळतात तिथे बोटांनी दाबण्याची युक्ती सुचवली, आणि कर्कची भूमिका करणाऱ्या विल्यम शॅटनर यांनी त्या स्पर्शासरशी अंग असे काही ढिले सोडले, की ती युक्ती पाहणाऱ्याला खरीच वाटली.

परग्रहावरचा प्राणी त्याच्या ग्रहावर भेटला, तर त्याचे नवल वाटते आणि तिथून निघालो की ते संपते. तो यानावर कामाला असला, तर त्याच्याबरोबर रोज जेवावे लागते, पहारे वाटून घ्यावे लागतात आणि जीव वाचवण्यासाठी त्याच्या निर्णयावर विसंबावे लागते. यानातून कोणालाच उठून बाहेर जाता येत नाही, आणि या बंदिस्तपणामुळेच विज्ञानकथेतल्या परग्रहवासी खलाशाच्या लहानसहान सवयींना एवढे वजन येते.

१९७७ सालच्या ‘स्टार वॉर्स’मधला चुबाका मिलेनियम फाल्कन या यानाचा सहवैमानिक आहे आणि चित्रपटभर तो आपल्याला समजेल असा एकही शब्द बोलत नाही. त्याचे रूप घेतलेल्या पीटर मेह्यू यांची उंची सव्वासात फूट होती आणि त्याआधी ते लंडनमधल्या एका रुग्णालयात काम करत असत. आवाज बेन बर्ट यांनी घडवला. त्यासाठी त्यांनी अस्वलाच्या आवाजाला मुख्य आधार ठेवून त्यात इतर प्राण्यांचे आवाज मिसळले. त्याच्या बोलण्याखाली पडद्यावर भाषांतर येत नाही. यानाचा कप्तान हान सोलो जे उत्तर देतो, त्यावरून चुबाका काय म्हणाला असेल हे आपण जुळवतो, जसे टेलिफोनवर बोलणाऱ्या माणसाच्या एकाच बाजूवरून पूर्ण संभाषण कळते. मला हा या चित्रपटातला फार हुशार निर्णय वाटतो, कारण त्यामुळे त्या दोघांची जुनी मैत्री कोणी समजावून न सांगताच पटते.

छापील कथेला मुखवट्याची आणि केसाळ पोशाखाची अडचण नसते, म्हणून तिथे शरीरे अधिक धीटपणे बदललेली दिसतात. बेलफास्टचे लेखक जेम्स व्हाइट यांनी अंतराळातल्या एका अवाढव्य रुग्णालयावर १९५७ पासून कथा लिहिल्या. त्यांतला प्रिलिक्ला हा डॉक्टर पुढे त्याच रुग्णालयाच्या रुग्णवाहिका यानावर काम करतो. तो पंख असलेल्या मोठ्या कीटकासारखा आहे, आणि त्याच्या ग्रहाचे गुरुत्वाकर्षण अगदी क्षीण असल्यामुळे इतरांमध्ये वावरताना त्याला अंगावर वजन कमी करणारी उपकरणे बाळगावी लागतात. भोवतालच्या प्रत्येकाची भावना त्याला स्वतःच्या शरीरात जाणवते. शेजारचा सहकारी चिडला, की प्रिलिक्ला थरथरू लागतो. म्हणून तो सतत गोड बोलतो आणि वेळ पडली तर सरळ खोटेही बोलतो. त्याचा खोटेपणा आपल्याला खुपत नाही, कारण त्याची शारीरिक गरज लेखकाने आधीच नीट समजावलेली असते.

या परंपरेतला एक दोष मात्र लपवण्यासारखा नाही. पुष्कळदा संपूर्ण जमातीला एकच स्वभाव चिकटवला जातो: अमुक ग्रहावरचे सगळे लढवय्ये, तमुक ग्रहावरचे सगळे लोभी. ‘स्टार ट्रेक’मध्येही हे वारंवार घडले आहे. तिथली टिकून राहिलेली पात्रे आपल्या लोकांतही पूर्णपणे न मावणारी आहेत. स्पॉकची आई पृथ्वीवरची आहे. १९८७ साली सुरू झालेल्या पुढच्या मालिकेतला, क्लिंगॉन या लढवय्या जमातीचा अधिकारी वॉर्फ माणसांच्या घरात वाढलेला आहे, म्हणून क्लिंगॉनांच्या मानमर्यादा तो इतर अनेक क्लिंगॉनांपेक्षा काटेकोरपणे पाळतो.

१९९९ साली आलेल्या ‘फारस्केप’ या मालिकेने याच्याही पुढचे पाऊल टाकले. तिच्यातले मोया हे यान स्वतःच जिवंत प्राणी आहे, आणि पायलट याच नावाचा चार हातांचा परग्रहवासी त्या यानाच्या शरीराशी जोडलेला आहे. जिम हेन्सन यांच्या नावाच्या कंपनीच्या कारागिरांनी घडवलेली पायलटची बाहुली अनेक जण मिळून हलवत असत. पहिल्याच वर्षातल्या एका भागात घरी जाण्याचे नकाशे देऊ करणारा एक वैज्ञानिक मोबदला म्हणून पायलटचा एक हात मागतो, आणि ज्यांच्याबरोबर तो रोज काम करतो त्यांच्यापैकी तिघे जण खरोखरच तो हात कापून घेतात. हात पुन्हा उगवणार असतो, हे त्यांचे समर्थन. पायलट तक्रार करत नाही; इतरांची सेवा करणे हाच आपल्या जमातीचा धर्म आहे, असे तो मानतो. इतका वेळ ज्याला आपण यानाचा एक विचित्र, थोडा चिडका भाग समजत होतो, त्याला सहकाऱ्यांनीही नेमके तेच समजले होते, ही गोष्ट त्या प्रसंगात प्रेक्षकाच्या लक्षात येते आणि पुढच्या भागांत त्याच्याकडे पाहण्याची नजर बदलते.