वैशाखातला मेळघाट

श्रोते हो, नमस्कार. वैशाखात अमरावती-अकोल्याचा पारा ४४ अंशांच्या आसपास रेंगाळू लागला, की वऱ्हाडातल्या माणसाला चिखलदरा आठवतो. परतवाडा सोडून घाट चढू लागले, की वळणावळणाला हवा बदलत जाते आणि सुमारे ११०० मीटर उंचीवरच्या या गावात पोहोचेपर्यंत अंगाची तलखी शमलेली असते. गाविलगडाचा किल्ला, भीमकुंडाची दरी आणि मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणारी, आपल्या राज्यात क्वचितच दिसणारी कॉफीची झुडपे आपण जरूर पाहावीत. मात्र तेवढ्यावरून माघारी फिरू नये, अशी माझी मनापासून विनंती आहे.

कारण खाली सिपना नदीच्या काठी, सेमाडोह आणि कोलकासच्या परिसरात, मेळघाटाचे खरे दर्शन घडते. १९७३-७४ मध्ये देशात प्रथम जाहीर झालेल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी हा एक असून गुगामल राष्ट्रीय उद्यान हा त्याचा गाभा आहे. उन्हाळ्यात हे जंगल भकास दिसते, असे पुष्कळजण म्हणतात. मला मात्र तेव्हाच ते मोकळेपणाने बोलते असे वाटते. सागाची पाने गळून पडलेली असतात, त्यामुळे नजर दूरवर पोहोचते, आणि त्या वाळल्या पाचोळ्यावर साधा सरडा पळाला तरी पापड मोडल्यासारखा आवाज होतो. काळ्या खडकाच्या तीव्र उतारांवरून पावसाचे पाणी झरझर तापीकडे निघून जाते. उन्हाळ्यात उरतात ते नदीतले मोजके डोह आणि वनखात्याने केलेले पाणवठे. सगळ्या रानाचा जीव मग त्यांच्याभोवती गोळा होतो.

एका मे महिन्यात अशाच एका डोहावर सहलीला आलेली काही मंडळी साबण लावून भांडी घासत होती. पलीकडच्या काठावर, अर्जुनाच्या झाडाआड, गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे चढवल्यासारखा दिसणारा एक गवा बराच वेळ उभा होता आणि शेवटी पाण्याला तोंड न लावताच वळून गेला. मला फार वाईट वाटले. म्हणून सांगतो, पिण्याचे पाणी सोबत न्या, डोहात उतरू नका आणि काठावर आवाज करू नका.

मंडळी निघून गेल्यावर मी दूर रस्त्यावर थांबलो. दिवस मावळता मावळता तोच गवा पुन्हा आला, फेसाची कड टाळून वरच्या अंगाला गेला आणि मान खाली घालून कितीतरी वेळ पाणी पीत राहिला.