ट्रान्सफरच्या जागा येतात कुठून?

(कॅलिफोर्नियाच्या बे एरियातल्या मराठी पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

इथे बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी महाराष्ट्रात इंजिनिअरिंग केलंय, त्यामुळे ‘डायरेक्ट सेकंड इयर’ म्हणजे काय हे सांगायला नको. दहावीनंतर पॉलिटेक्निकला गेलेली, डिप्लोमा चांगल्या मार्कांनी काढून थेट दुसऱ्या वर्षाला आपल्या वर्गात येऊन बसलेली मुलं. एम-थ्रीला, म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपरला, अडखळायची, पण वर्कशॉपमध्ये आपण त्यांच्याच मागे जाऊन उभे राहायचो. नोकरी लागताना कोण पहिल्या वर्षापासून होतं आणि कोण मधून आलं, हे कुणी विचारलंसुद्धा नाही. हे सगळं डोळ्यांनी पाहिलेली माणसं आपण. मग ‘कम्युनिटी कॉलेज’, म्हणजे इथलं कमी फीचं दोन वर्षांचं सरकारी कॉलेज, म्हटलं की आपल्याच घरांत आवाज खाली का जातो?

जाहीर विषय ‘नामांकित कॉलेजांत ट्रान्सफर मिळण्याची शक्यता’ असा आहे, म्हणजे एका कॉलेजातून मधूनच दुसऱ्यात प्रवेश मिळण्याची. त्यावर येतो. पण आधी हे बोलू द्या.

एका ओळखीच्या घरी गणपतीला गेलो होतो. आरती झाली. वहिनींनी मोठ्या मुलीची ओळख विद्यापीठाच्या नावासकट करून दिली. धाकटा शेजारीच प्रसादाचं ताट धरून उभा होता. त्याच्याबद्दल म्हणाल्या, “हा सध्या घरीच आहे, बघतोय काय करायचं ते.” तो मुलगा कम्युनिटी कॉलेजात शिकत होता. कॅल्क्युलस उत्तम ग्रेडने संपवलेलं, आणि संध्याकाळी त्याच कॉलेजात दुसऱ्या मुलांना गणित शिकवायचा. हे मला त्याच्याकडून कळलं, दाराशी चपला घालताना, दबक्या आवाजात. एवढ्या गुणी पोराला आपण काय शिकतो हे चोरून सांगावं लागतं, याचा मला फार राग आला. अजून येतो. राग वहिनींवर नाही. “मग यूसीला, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाला, नाही का मिळालं?” हे आपल्यापैकीच कुणीतरी विचारणार, हे त्यांना ठाऊक होतं. विचारतोच ना आपण? हात वर करायला सांगत नाही, जेवण अजून व्हायचंय.

आणि गंमत अशी की हा रस्ता कुणाच्या दयेवर उभा नाही. 1960 साली क्लार्क कर यूसीचे अध्यक्ष असताना कॅलिफोर्नियाने उच्च शिक्षणाचा ‘मास्टर प्लॅन’ केला. शाळेतून बाहेर पडणाऱ्या वरच्या साडेबारा टक्के मुलांसाठी यूसी, वरच्या एक तृतीयांशासाठी स्टेट कॉलेजं, आणि उरलेल्या प्रत्येकासाठी आजची कम्युनिटी कॉलेजं. तिथे दोन वर्षं नीट काढली की तिसऱ्या वर्षाला यूसीत. म्हणजे वरचा मजला बांधतानाच बाहेरून येणाऱ्यांचा जिना धरलेला होता. आजही दोन फ्रेशमनमागे (थेट पहिल्या वर्षाला येणाऱ्यांमागे) एक ट्रान्सफर हे यूसीचं उद्दिष्ट आहे. फी बघा: कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला सेमिस्टरच्या एका युनिटला 46 डॉलर. दोन वर्षांच्या 60 युनिटांचे 2,760. यूसीच्या एका वर्षाच्या शिकवणी शुल्काच्या पासंगालाही हे पुरत नाही.

बराक ओबामांचंच घ्या. लॉस एंजेलिसच्या ऑक्सिडेंटल कॉलेजात दोन वर्षं काढून 1981 मध्ये ते ट्रान्सफरने कोलंबियाला गेले. त्यांची सुरुवात कुठे झाली, हे किती जणांना आठवतं?

संयोजकांनी चिठ्ठी पाठवली आहे, पाच मिनिटं. तर आता शक्यता.

माझं म्हणणं एवढंच आहे की ट्रान्सफरचा टक्का, म्हणजे अर्ज करणाऱ्यांपैकी किती जणांना घेतलं ते, मुलाच्या हुशारीबद्दल फारसं सांगत नाही, तो कॉलेजातल्या रिकाम्या जागांबद्दल सांगतो. मधल्या थांब्यावर एसटीत चढायला मिळेल की नाही, हे आत किती जण उतरले त्यावर ठरतं. हार्वर्डमध्ये उतरतं कोण? जवळजवळ कुणीच नाही, आणि राहायची सोयही कॉलेजचीच. 2008 मध्ये राहायला जागा नाही म्हणून त्यांनी दोन वर्षं ट्रान्सफर बंदच ठेवलं होतं. प्रिन्स्टनने 1990 पासून बंद ठेवलेलं दार 2018 मध्ये उघडलं. 1,429 अर्ज आले, 13 जणांना प्रवेश देऊ केला. शिवाय त्यांचा भर होता कम्युनिटी कॉलेजची मुलं, कमी उत्पन्नाची कुटुंबं आणि सैन्यातून आलेल्यांवर. आपल्या घरातला, चांगल्याच विद्यापीठात असलेला आणि केवळ नाव बदलायला निघालेला मुलगा तिथे कुठे बसतो?

उलट यूसीएलए, म्हणजे यूसीचा लॉस एंजेलिसचा कॅम्पस, बघा. फ्रेशमन शंभरात नऊच्या आसपास घेतात, ट्रान्सफर शंभरात साधारण पंचवीस, आणि त्यातले दहात नऊहून जास्त कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांतले. पण म्हणून ‘तिथे सोपं आहे’ असं समजू नका. हे अर्जदार ठरलेले कोर्स पुरे करून आलेले असतात, आणि कॉम्प्युटर सायन्सला तर हा टक्का खूपच खाली जातो. कॉर्नेलमध्येही ट्रान्सफरचा टक्का फ्रेशमनपेक्षा वर आहे, कारण त्यांच्या राज्य-अनुदानित कॉलेजांचे न्यूयॉर्कच्या कम्युनिटी कॉलेजांशी करारच आहेत. तेव्हा आकडा दिसला की विचारा: जागा किती, आणि कुणासाठी? बहुतेक कॉलेजं ‘कॉमन डेटा सेट’ छापतात, त्यातला ‘डी’ विभाग उघडा. किती अर्ज, किती प्रवेश, किती जण प्रत्यक्ष आले, सगळं तिथे असतं.

घाईत शेवटचं. कोणता कोर्स कुठे चालतो हे ‘असिस्ट डॉट ऑर्ग’वर पहिल्याच टर्मला बघा, दुसऱ्या वर्षी नाही. डेव्हिस, अर्वाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ हे यूसीचे सहा कॅम्पस ‘टॅग’ (ट्रान्सफर ॲडमिशन गॅरंटी) या योजनेखाली प्रवेशाची लेखी हमी देतात. बर्कली, यूसीएलए आणि सॅन डिएगो देत नाहीत. गर्दीचे काही विषय हमीतून वगळलेले असतात, तेव्हा आपला विषय तपासा. टॅगचा अर्ज सप्टेंबरमध्ये, यूसीच्या मुख्य अर्जाआधी भरायचा असतो. ज्यांची मुलं या वर्षी तो भरणार आहेत, त्यांनी कृपया पुढच्या रांगेत या. प्रश्न आधी तुमचे घेऊ.