यकृतपेशीच्या आतला पीळ

[दृश्य : मायक्रोटोमचे पाते आणि मेणाचा ठोकळा, अगदी जवळून]

सुईने काढलेला यकृताचा हा तुकडा दीड-दोन सेंटिमीटर लांब आणि जेमतेम मिलिमीटरभर जाड आहे. मेणाच्या ठोकळ्यात बसवल्यानंतर मायक्रोटोमचे पाते त्याचे ३ ते ५ मायक्रॉन जाडीचे काप काढते, आणि प्रत्येक नवा काप आधीच्या कापाला चिकटत गेल्याने मेणाची एक लांब फीत तयार होते. पणजीजवळच्या या रोगनिदान प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ ताई ती फीत ब्रशच्या टोकाने उचलून कोमट पाण्यावर सोडतात, सुरकुत्या आपोआप उलगडू देतात आणि काचपट्टी तिरकी बुडवून काप तिच्यावर अलगद झेलून घेतात. पावसाळ्यात गोव्याच्या हवेत इतकी ओल असते की काचपट्ट्या तापपट्टीवर नेहमीपेक्षा जास्त वेळ ठेवाव्या लागतात, असे त्या सांगतात. नाहीतर रंग देताना काप सुटून येतो.

हिमॅटॉक्सिलिनने केंद्रके निळी आणि इओसिनने पेशीद्रव गुलाबी झाल्यावर यकृताची रचना दिसू लागते. बहुभुज आकाराच्या, २० ते ३० मायक्रॉन रुंदीच्या पेशी ओळीने उभ्या आहेत आणि दोन ओळींच्या मधल्या फटींतून रक्त वाहते. आतड्यातून शोषलेले, बहुतांश चरबी वगळता, जवळजवळ सगळे अन्न, औषध, विष आणि मद्य प्रवेशिका शिरेतून प्रथम येथे येते. शेजारी-शेजारी असलेल्या दोन पेशींच्या मधोमध एक अतिसूक्ष्म पन्हळ असते. पेशीने तयार केलेले पित्त तिच्यात ओतले जाते. एका बाजूला रक्त, दुसऱ्या बाजूला पित्त आणि मध्ये रसायनांचा अखंड व्यवहार, अशा जागी पेशीला आपला आकार टिकवून धरावा लागतो. हे काम ज्या सांगाड्यावर चालते, तो या निळ्या-गुलाबी रंगात दिसत नाही. त्यासाठी दुसरी काचपट्टी घ्यावी लागते.

[दृश्य : तपकिरी रंग दिलेला काप, भिंगाची क्षमता वाढत जाते]

या कापावर केराटिन ८ आणि केराटिन १८ या प्रथिनांना चिकटणारे प्रतिपिंड टाकले आहे, आणि जेथे ते चिकटले तेथे तपकिरी रंग उमटला आहे. केराटिन म्हटले की केस, नखे, शिंगे आठवतात, आणि ते योग्यच आहे. परंतु माणसाच्या जनुकसंचात केराटिनची ५४ जनुके आहेत, आणि त्यांपैकी बरीचशी शरीराच्या आतल्या अस्तरांत काम करतात. पडद्यावरच्या प्रत्येक पेशीत तपकिरी जाळे पसरलेले आहे. पेशीच्या कडेला ते अधिक दाट आहे आणि पित्ताच्या पन्हळीभोवती सर्वांत दाट. शेजारच्या पेशीशी जोडणाऱ्या सांध्यांवर या तंतूंची टोके बांधलेली असतात, त्यामुळे एका पेशीवर पडलेला ताण ओळीतल्या इतर पेशींत वाटला जातो.

[दृश्य : माडांच्या सावलीत सुंभ वळणारे हात]

उत्तर गोव्यातील किनाऱ्यालगतच्या एका गावात या आजी आजही नारळाच्या सोडणाचा काथ्या काढून सुंभ वळतात. काथ्याचा एकटा पदर ओढला की तो सुटून येतो. दोन पदर एकमेकांवर पिळले की त्याच काथ्याला बैल बांधता येतो. केराटिनचा तंतू असाच पिळाने बनतो, पण एका अटीवर. केराटिनचे दोन प्रकार आहेत, आणि पहिल्या प्रकाराचा एक रेणू व दुसऱ्या प्रकाराचा एक रेणू असे दोन पदर मिळाल्याखेरीज पीळ पडत नाही. केराटिन १८ पहिल्या प्रकारचे, केराटिन ८ दुसऱ्या. अशा दोन जोड्या उलटसुलट दिशांनी शेजारी बसतात, त्यांचे जुडगे होते, जुडगी टोकाला टोक लावून वाढत जातात आणि सुमारे १० नॅनोमीटर जाडीचा तंतू तयार होतो. एका मिलिमीटरचे एक लाख भाग केले तर त्यातील एका भागाएवढी ही जाडी आहे.

हे तंतू चिवटही विलक्षण असतात. पेशी तीव्र क्षारांच्या आणि डिटर्जंटच्या द्रावणात धुतल्या की बहुतेक प्रथिने विरघळून निघून जातात आणि नळीच्या तळाशी मुख्यतः केराटिन उरते; संशोधक ते वेगळे करण्यासाठी याच गुणाचा फायदा घेतात. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, ही म्हण आपल्याकडे हट्टी माणसाला लावतात, पण ती या प्रथिनाला अधिक शोभते.

आता या चित्रपटासाठी सर्वांत महत्त्वाची गोष्ट. त्वचेत, आतड्यात किंवा पित्तनलिकेत केराटिनच्या एकापेक्षा जास्त जोड्या असतात. पित्तनलिकेच्या पेशींत ८ आणि १८ बरोबर ७ आणि १९ ही केराटिनेही आहेत, आणि याच कापाच्या कोपऱ्यात त्या पेशी दिसत आहेत. प्रौढ माणसाच्या निरोगी यकृतपेशीची मात्र सगळी भिस्त ८ आणि १८ या एकाच जोडीवर आहे. त्यातील एक पदर कमजोर निघाला तर त्याची जागा घेणारा दुसरा कोणी नाही.

[दृश्य : रेखाचित्र, केराटिन १८ ची साखळी, ८९ वा मणी लाल होतो]

१९९५ साली नाम-ऑन कू, बिशर ओमारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मानवी केराटिन १८ मध्ये एकच बदल केला. साखळीतील ८९ व्या स्थानावरच्या आर्जिनिन या अमिनो आम्लाऐवजी सिस्टीन आणून ते जनुक त्यांनी उंदरांत घातले. ही जागा त्यांनी मुद्दाम निवडली होती, कारण केराटिन १४ मध्ये याच्याशी जुळणाऱ्या जागी बदल झाला की माणसाच्या त्वचेवर साध्या घर्षणानेही फोड येतात, हे त्याआधी कळले होते. उंदरांच्या यकृतपेशींतील तंतूंचे जाळे विसकटले. यकृतातून विकरयुक्त द्रव सोडून पेशी सुट्या करू लागताच त्या मोठ्या संख्येने फुटल्या, आणि यकृताला दीर्घकालीन दाह जडला. पुढच्याच वर्षी त्याच गटाने दाखवले की असे उंदीर पॅरासिटामॉलसारख्या औषधाची मोठी मात्रा निरोगी उंदरांइतकी सोसू शकत नाहीत.

येथे त्वचा आणि यकृत यांच्यातला फरक स्पष्ट होतो. त्वचेला घर्षणाचा मार असतो. यकृताला तसा मार क्वचित बसतो, तरीही केराटिन नसलेली पेशी लवकर मरते. पेशीच्या पृष्ठभागावर फास नावाचा एक ग्राहक असतो आणि त्याला संदेश मिळाला की पेशी आत्मनाशाच्या वाटेला लागते. केराटिन ८ नसलेल्या पेशींत हा ग्राहक पृष्ठभागावर जास्त प्रमाणात पोचतो, म्हणून त्याच संदेशाने त्या अधिक संख्येने मरतात. शिवाय ताणाच्या वेळी पेशीतील विकरे जिकडेतिकडे फॉस्फेट चिकटवत सुटतात, तेव्हा केराटिन ८ त्यातील बराचसा वाटा स्वतःवर घेऊन इतर प्रथिनांना वाचवते, असे मानले जाते. अखेर पेशी मरूच लागली, तर कॅस्पेज नावाची विकरे केराटिन १८ चे ठरावीक जागी तुकडे करतात. केराटिन ८ त्यांना दाद देत नाही. हे तुकडे रक्तात उतरतात आणि मोजता येतात.

[दृश्य : काजूची भट्टी, धूर, नंतर पुन्हा भिंगाखालचा काप]

गोव्यात यकृतावर चित्रपट करायचा म्हटल्यावर भट्टीचे दृश्य हवेच, असे आम्हाला अनेकांनी सुचवले. फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, काजूच्या हंगामात हुर्राक, म्हणजे काजूच्या रसाची सौम्य दारू, घरोघरी पोचतो, आणि अति मद्यपान यकृताचा नाश करते, याबद्दल वाद नाही. परंतु ज्याचे यकृत बिघडले तो पीत असणारच, हा निष्कर्ष वाड्यावाड्यावर ज्या सहजतेने काढला जातो, त्याला ही काचपट्टी दुजोरा देत नाही.

मध्यभागी फुगलेली, फिकट झालेली पेशी पाहा. तिच्या शेजारणींत तपकिरी जाळे शाबूत आहे, तिच्यात मात्र ते जवळजवळ नाहीसे झाले आहे आणि केंद्रकाजवळ एक वेडावाकडा गोळा साचला आहे. १९११ साली बॉस्टनचे विकृतिशास्त्रज्ञ फ्रँक मॅलरी यांनी मद्यपींच्या यकृतात असे गोळे पाहून त्यांचे वर्णन केले, आणि पुढे कित्येक दशके ते दारूचीच खूण म्हणून ओळखले गेले. ऑस्ट्रियातील हेल्मुट डेंक यांनी १९७५ च्या सुमारास ग्रिसिओफुल्विन हे बुरशीनाशक औषध खाऊ घालून उंदरांत तेच गोळे निर्माण केले; त्या उंदरांना दारूचा थेंबही दिलेला नव्हता. गोळ्यांत मुख्यतः केराटिन ८ आणि १८ असते, त्यातही ८ चे प्रमाण अधिक, आणि जोडीला युबिक्विटिन व पी-६२ ही प्रथिने. आज त्यांना मॅलरी-डेंक पिंड म्हणतात. १९८० मध्ये मेयो क्लिनिकमधील युर्गेन लुडविग यांनी मद्य न घेणाऱ्या रुग्णांच्या चरबीयुक्त, दाहग्रस्त यकृतांचे वर्णन केले, तेव्हा त्यांतही हे पिंड होते. तांबे साचण्याच्या विल्सन रोगात ते दिसतात, पित्तनलिकांच्या काही जुनाट आजारांत दिसतात, यकृताच्या कर्करोगातही दिसतात. ताईंनी आज लावलेली ही काचपट्टी ज्या यकृताची आहे, त्याच्या कागदावर मद्यपानाच्या रकान्यात 'नाही' असे लिहिलेले आहे. वाड्यावर त्यावर कोणी विश्वास ठेवला असता की नाही, हा वेगळा प्रश्न.

माणसांतील बदलांचा शोधही याच दिशेने गेला. २००१ साली, कारण न सापडलेल्या यकृतविकाराच्या ५५ रुग्णांपैकी ५ जणांत केराटिन ८ मधील बदल आढळले. त्यातला एक बदल ६१ व्या स्थानावरच्या ग्लायसिनचा आहे (नव्या मोजणीत ती जागा ६२ वी ठरते), आणि तो जवळच्या एका जागेवर फॉस्फेट लागण्यात अडथळा आणतो. २००३ मध्ये प्रत्यारोपणाच्या वेळी काढलेली ४६७ यकृते तपासली गेली, तेव्हा १२.४ टक्क्यांत केराटिन ८ किंवा १८ चे बदल मिळाले, तर तुलनेसाठी घेतलेल्या रक्तदात्यांत ३.७ टक्के. जर्मनीत २००४ मध्ये झालेल्या एका पाहणीत मात्र असा संबंध आढळला नाही, त्यामुळे या आकड्यांवरून घाईने मत बनवणे योग्य होणार नाही. असा बदल असलेली बरीच माणसे आयुष्यभर ठणठणीत राहतात. त्यावर विषाणू, औषध, चरबी किंवा मद्य यांपैकी काही येऊन पडले तर त्यांचे यकृत इतरांच्या आधी हार मानू शकते.

केराटिन दुरुस्त करणारे औषध सध्या रुग्णांसाठी वापरात नाही, आणि केराटिनच्या जनुकांची तपासणी नेहमीच्या चाचण्यांत येत नाही. कापावर तपकिरी जाळे आहे की गेले आहे, याची नोंद मात्र चरबीयुक्त यकृताचा दाह ओळखताना उपयोगी पडते, आणि शंका असेल तेव्हा या प्रयोगशाळेतही तोच दुसरा काप लावला जातो.